डेम्पस्टर हायवे आणि पॉर्क्युपाइन कॅरिबूंचा कळप

कॅनडाच्या युकॉनमधे व्हाइटहॉर्सहून वर डॉसन सिटीकडे जाताना, डॉसनच्या साधारण ४० किमी अलीकडे उजवीकडे एक खडीचा रस्ता फुटतो, तो डेम्पस्टर हायवे. १९७९ साली सुरू झाला, इनुविकपर्यंत जवळपास ७४० किमी आहे आणि २०१७ पासून तो पुढे टुक्टोयाक्टुकपर्यंत म्हणजे थेट आर्क्टिक समुद्राच्या काठापर्यंत जोडलाय. डांबर जवळजवळ नाहीच, मोबाइलला रेंज नाही, आणि सुरुवातीला टाकी फुल्ल केली की पुढचा पंप एकदम ईगल प्लेन्सला, ३७० किमीवर. आम्ही कॅल्गरीत राहतो, इथली बहुतेक मराठी मंडळी सुट्टीत बॅन्फ-जॅस्पर करतात आणि ते सुंदरच आहे, पण मला कितीतरी वर्षांपासून पॉर्क्युपाइन कॅरिबूंचा कळप बघायचा होता आणि गाडीने जाऊन तो दिसण्याची शक्यता असलेला हाच रस्ता. म्हणून सप्टेंबरमधे नवरा आणि मी निघालो, दोन स्पेअर टायर आणि भरपूर चिवडा-पराठे घेऊन.

आधी थोडं कॅरिबूंबद्दल, कारण बऱ्याच जणांनी मला विचारलं की हे रेनडिअरच ना. हो, जात एकच, युरोप-रशियात रेनडिअर म्हणतात आणि उत्तर अमेरिकेतल्या जंगली प्राण्याला कॅरिबू. हरणांच्या कुळात यांच्याच माद्यांना सर्रास शिंगं असतात, आणि गाभण माद्या ती हिवाळाभर वागवतात, पाडस झालं की मग गळतात. नरांची शिंगं मात्र माजाचा काळ संपला की गळून जातात. पॉर्क्युपाइन हे नाव कळपाच्या मुलखातून वाहणाऱ्या नदीचं. हा कळप अलास्का, युकॉन आणि नॉर्थवेस्ट टेरिटरीज अशा तिन्हीकडे हिंडतो, जूनच्या सुरुवातीला माद्या समुद्रकाठच्या सपाट मैदानात व्यायतात आणि थंडी सुरू झाली की सगळे दक्षिणेकडे झाडोऱ्यात उतरतात. वर्षाची चाल दोन हजार किलोमीटरच्या वर जाते.

पहिला टप्पा टूम्बस्टोन पार्कचा. सप्टेंबरमधे तिथली खुरटी झुडपं इतकी लालभडक होतात की डोंगराला आग लागल्यासारखं वाटतं, वर काळे सुळके आणि त्यावर पहिला बर्फ, त्याबद्दल लिहीत बसले तर वेगळा लेख होईल. पुढे ओगिल्वी नदीच्या काठाने रस्ता वर चढतो आणि मग तासन्तास नुसती उघडी पठारं, आणि आम्ही दोघं दुर्बीण लावून बसलेलो, आणि काहीही नाही. एक अस्वल दिसलं, बेरी खात होतं, आमच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही.

ईगल प्लेन्सला एक हॉटेल, पंप आणि गॅरेज आहे, गाव असं नाहीच. तिथे जेवताना शेजारच्या टेबलावर फोर्ट मॅकफर्सन गावचे एक ग्विचिन (म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांपैकी) आजोबा बसले होते, शिकारीला निघालेले. नवऱ्याने त्यांना विचारलं की कळप कुठे आहे. ते म्हणाले, काल उत्तरेला रिचर्डसन डोंगरात होता, आज कुठे असेल ते वाऱ्याला विचारा. मग जरा वेळाने स्वतःहून सांगायला लागले की पुढे चालणारे कॅरिबू रस्त्यापाशी आले की त्यांना हात लावायचा नाही, त्यांना जाऊ द्यायचं, कारण वाट ते दाखवतात आणि मागचे त्यांच्या मागे येतात, पुढच्यांनाच मारलं किंवा बुजवलं तर अख्खा कळप वळून दुसरीकडे जातो. त्यांच्या वडिलांनी त्यांना शिकवलेलं आणि ते आता नातवंडांना शिकवतात. लांब पल्ल्याच्या बंदुका आणि पिकअप आल्यापासून तरुण पोरं घाई करतात याचं त्यांना फार वाईट वाटत होतं, ते त्यांनी लपवलं नाही.

दुसऱ्या दिवशी आर्क्टिक सर्कलची पाटी ओलांडली (फोटो अर्थातच काढले) आणि रिचर्डसन डोंगर सुरू झाले. तिथे झाडं संपतात. वारा असा की गाडीचं दार उघडताना दोन्ही हातांनी धरावं लागतं. आणि मग एका वळणानंतर नवऱ्याने गाडी हळू केली आणि म्हणाला, डावीकडचा उतार बघ. मला आधी दगड वाटले. मग दगड चालायला लागले.

आम्ही गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि काचा थोड्या खाली केल्या. पुढे पाच-सहा माद्या होत्या, त्या खडीच्या कडेला येऊन थांबल्या, माना वर करून हवा हुंगली, आणि बराच वेळ काहीच झालं नाही. मग एक मादी रस्त्यावर उतरली, तिच्या मागे तिचं त्या वर्षीचं पाडस, आणि मग सगळेच. आमच्यापासून तीसेक फुटांवरून जात होते. तेव्हा तो आवाज ऐकला ज्याबद्दल मी फक्त वाचलं होतं, टिक टिक टिक, प्रत्येक पावलाला, शेकडो पायांचा एकत्र. पायातला एक स्नायुबंध चालताना छोट्या हाडावरून घसरतो त्याचा तो आवाज. खूर रुंद, अर्धचंद्रासारखे, बर्फात आणि चिखलात पसरणारे. नरांच्या मानेवर पांढरे लांब केस आले होते आणि एकाच्या शिंगावर मखमली कातडीची चिंधी अजून लोंबत होती, खाली हाड रक्ताने लालसर. ते पाडस मधेच थांबून आमच्या गाडीकडे टक लावून बघत राहिलं, आई पुढे गेलेली, आणि तिने नाकातून एक घुरघुर केली तसं ते पळत सुटलं. पायाखाली ते जे खातात ते लायकेन होतं, म्हणजे आपल्या गोड्या मसाल्यात घालतो त्या दगडफुलाच्या जातकुळीतलं. हिवाळ्यात बर्फ उकरून हेच खाऊन जगतात आणि ते वाढतं फार हळू, एकदा जळलं किंवा तुडवलं गेलं की परत यायला काही दशकं जातात.

किती होते? आम्हाला वाटलं तीन-चारशे असतील. आणि इथेच मला एक गोष्ट सांगायची आहे, की रस्त्यावरून तीनशे दिसले काय किंवा तीन हजार दिसले काय, त्यावरून कळपाचं काय चाललंय हे कळत नाही. मोजणी होते जुलैमधे, जेव्हा डासांनी आणि माश्यांनी हैराण होऊन हजारो कॅरिबू एकमेकांना चिकटून गच्च उभे राहतात. रेडिओ कॉलर घातलेल्या जनावरांवरून गट शोधायचे, विमानातून फोटो काढायचे आणि मग फोटोतला एक एक कॅरिबू मोजायचा. उन्हाळा गार किंवा ढगाळ असला की ते नीट गोळा होत नाहीत आणि मोजणी फुकट जाते. पॉर्क्युपाइन कळप १९८९ ला १,७८,००० होता, २००१ ला १,२३,००० वर आला, आणि त्यानंतर नऊ वर्षं एकही धड मोजणी झाली नाही! त्या काळात सगळ्यांना धास्ती होती की कळप एक लाखाच्याही खाली गेलाय. अखेर २०१० ला आकडा आला १,६९,०००, आणि २०१७ ला २,१८,०००, तोवरचा सगळ्यात मोठा.

हे वाचून बरं वाटतं पण शेजारचे आकडे वाचले की पोटात गोळा येतो. नॉर्थवेस्ट टेरिटरीजमधला बाथर्स्ट कळप १९८६ ला साधारण ४,७०,००० होता, २०२१ ला ६,२४०. क्वेबेक-लॅब्रडॉरचा जॉर्ज रिव्हर कळप नव्वदच्या दशकात आठ लाखांच्या आसपास होता, २०१८ ला साडेपाच हजार. अलास्काचा वेस्टर्न आर्क्टिक कळप २००३ ला ४,९०,००० होता, २०२३ ला १,५२,०००. म्हातारे लोक सांगतात आणि शास्त्रज्ञही मानतात की कॅरिबू वाढतात आणि घटतात, ते पूर्वीपासून चालत आलंय. पण आता घसरण होताना त्यांच्या मुलखात हिऱ्याच्या खाणी आहेत, खाणींचे रस्ते आहेत, हिवाळ्यात मधेच पाऊस पडतो आणि त्याचा बर्फावर काचेसारखा थर बसतो, तो फोडून खालचं लायकेन काढता येत नाही. मादीला वर्षाला एकच पाडस होतं, त्यामुळे माद्या मरायला लागल्या की कळप सावरायला खूप वेळ लागतो. बाथर्स्टसाठी २०१५ पासून कळपाबरोबर सरकणारं शिकारबंदीचं क्षेत्र आहे, म्हणजे तिथल्या लोकांनी आपल्या ताटातलं मांस सोडलंय, आणि तरी आकडा वर येत नाही. याचा मला मनापासून त्रास होतो, कारण खाणीची परवानगी त्यांनी एकट्यांनी दिलेली नाही.

पॉर्क्युपाइन का टिकला याचं एक उत्तर कोणी देऊ शकत नाही, पण माझ्या मते मोठं कारण विणीच्या जागेचं आहे. युकॉनच्या बाजूचा किनारा १९८४ पासून राष्ट्रीय उद्यान आहे. अलास्काच्या बाजूला आर्क्टिक रेफ्यूज या वन्यजीव अभयारण्याचं किनारी मैदान आहे, तिथे जूनमधे कोवळं गवत येतं, समुद्राच्या वाऱ्याने डास कमी असतात आणि लांडगे-अस्वलं डोंगराच्या बाजूला जास्त. ज्या वर्षी बर्फ उशिरा वितळतो त्या वर्षी माद्या तिथवर पोचत नाहीत, वाटेतच व्यायतात आणि पाडसं जास्त मरतात. म्हणजे ती जागा किती महत्त्वाची आहे हे कळपाने स्वतःच दाखवून दिलंय. आणि नेमकं त्याच मैदानाखाली तेल आहे असं मानतात. २०१७ ला अमेरिकेने कायदा करून ते तेलासाठी खुलं केलं, २०२१ च्या जानेवारीत पहिला लिलाव झाला, २०२३ ला त्यातले उरलेले लीज रद्द झाले, २०२५ च्या जानेवारीत दुसरा लिलाव ठेवला तर एकही बोली आली नाही, पण विषय संपलेला नाही. ग्विचिन लोक १९८८ पासून संघटित होऊन याविरुद्ध लढतायत.

फोर्ट मॅकफर्सनला त्याच आजोबांच्या लेकीने आम्हाला चहाला बोलावलं. घरामागे धुराच्या झोपडीत मांसाच्या पातळ लांब पट्ट्या काठ्यांवर टांगलेल्या, खाली मंद धूर. ते सुकं मांस ती लोणी लावून खायला देते. नवऱ्याने खाल्लं, मी शाकाहारी आहे म्हटल्यावर तिने हसून मला ब्रेड आणि बेरीचा जॅम दिला. ती म्हणाली की मांस वाटून खातात, ज्याच्या घरी शिकारीला जाणारं कोणी नाही त्याच्याकडे आधी पोचवतात. कळप जवळून गेला नाही की त्या हिवाळ्यात दुकानातून आणावं लागतं, आणि तिथल्या दुकानातले भाव मी बघितले, कॅल्गरीच्या दुपटीच्या वर.

आणखी एक गोष्ट पुढे टुक्टोयाक्टुकच्या रस्त्यावर कळली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मॅकेन्झी नदीच्या त्रिभुज प्रदेशात कॅरिबू इतके कमी झाले की लोकांची उपासमार होऊ नये म्हणून कॅनडा सरकारने अलास्कातून पाळीव रेनडिअर विकत घेतले. १९२९ च्या डिसेंबरमधे निघाले, पोचले १९३५ ला. पाच वर्षांहून जास्त! त्यांचे वंशज त्या भागात अजून आहेत. म्हणजे जंगली कळप गेला तर दुसरा आणून बसवायला काय लागतं याचा हिशोब तिथे एकदा झालेला आहे.

जाणार असाल तर ऑगस्टचा शेवट ते सप्टेंबर बघा, रंग असतात आणि डास गेलेले असतात. भाड्याची गाडी घेताना खडीच्या रस्त्याची परवानगी लेखी घ्या, बऱ्याच ठिकाणी देत नाहीत. पील आणि मॅकेन्झी नदीवर पूल नाहीत, फेरी आहे, ती ऑक्टोबरच्या शेवटाला बंद होते आणि बर्फाचा रस्ता पक्का होईपर्यंत पलीकडे जाता येत नाही. कळप दिसेलच असं धरून जाऊ नका, काही वर्षी तो सप्टेंबरमधे रस्त्याकडे फिरकतही नाही. आणि समोर आलाच तर इंजिन बंद करा, हॉर्न अजिबात नको, खाली उतरून फोटोसाठी जवळ जाऊ नका, आणि पुढचे दहा-वीस गेले म्हणून लगेच गाडी सुरू करू नका, मागचे अजून यायचे असतात.