पाठ टेकायची नाही : जिउ-जित्सूतून एमएमएकडे, दर्यापूर तालुक्यातून

पुण्यात नोकरीला असताना मी ब्राझिलियन जिउ-जित्सू, म्हणजे जमिनीवर पकडी आणि गळफास लावण्याची विद्या, शिकलो. ब्लू बेल्ट (पांढऱ्यानंतरचा पहिला पट्टा) मिळाला आणि पुढच्याच खरिपाला गावी परत आलो, कारण बाबांच्यानं एकट्यानं वावर होईना. गाव दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यातलं. आजूबाजूला जिउ-जित्सूची मॅट नाही, शिकवणारं कुणी नाही. पण एमएमएची (ठोसे, लाथा आणि कुस्ती एकत्र चालणाऱ्या खेळाची) एक लढत खेळायचीच हे मनात पक्कं होतं, आणि ती मी खेळलो. जिउ-जित्सूवाल्याला तिथवर जाताना काय टिकवावं लागतं आणि काय सोडावं लागतं ते लिहून ठेवतोय. गावाकडे राहून हीच धडपड करणारी पोरं आहेत, त्यांच्यासाठी.

जिउ-जित्सू शिकणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या यूएफसीची, म्हणजे एमएमएच्या सगळ्यात नावाजलेल्या स्पर्धेची, गोष्ट पाठ असते. १२ नोव्हेंबर १९९३, डेन्व्हर. रॉयस ग्रेसी या सडपातळ जिउ-जित्सूवाल्यानं एकाच रात्री तिघांना हरवलं. पण जमिनीवर गेल्यावर करायचं काय, हे समोरच्यांना तेव्हा फारसं ठाऊकच नव्हतं. आज ते सगळ्यांना येतं. मी त्यापेक्षा जुलै २०१७ मधली डेमियन माया आणि टायरन वूडली यांची लढत जास्त वेळा पाहिली. माया म्हणजे २००७ साली एडीसीसी ही पकडींची जागतिक स्पर्धा जिंकलेला, जमिनीवरचा पट्टीचा माणूस. त्यानं वूडलीला पाडायचा २१ वेळा प्रयत्न केला आणि एकदाही पाडता आलं नाही. पाचही फेऱ्या गेल्या, मायाची विद्या वापरायची वेळच आली नाही. ती लढत पाहूनच मी ठरवलं की ठोसे नंतर, आधी माणूस पाडायला शिकायचं.

आणि माणूस पाडायला शिकायचं तर आमच्याकडे कमी कशाचीच नाही. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचं. योगायोग असा की ज्याच्याकडून रॉयसचा काका कार्लोस ग्रेसी जिउ-जित्सू शिकला तो जपानी मित्सुयो माएदाही १९१४ मध्येच ब्राझीलला पोचला. मला या दोन गोष्टी एकत्र आठवल्या की फार बरं वाटतं. आमच्या तालुक्यातला आखाडा एवढा मोठा नाही. लाल माती, तिच्यात ताक, हळद, तेल, वर टिनाचं छप्पर, आणि पहाटे पाचला हजर असणारे वस्ताद.

पहिल्या दिवशी मी सवयीनं एका पोराला ओढून खाली बसलो आणि गार्डमध्ये, म्हणजे पाठीवर पडून दोन्ही पायांच्या मध्ये, घेतलं. वस्तादांनी थांबवलं. म्हणाले, "आमच्यात पाठ टेकली का कुस्ती खतम. अन् तू त सोताहूनच पाठ टेकून रायला बापा! वरून बुक्की आली त काय करशीन?"

सगळा बदल या एका प्रश्नात आहे. जिउ-जित्सूत पाठीवर पडणं म्हणजे हार नव्हे. तिथून समोरच्याला उलटवलं की २ गुण, वरच्यानं गार्ड ओलांडला की त्याला ३, माउंट (त्याच्या पोटावर स्वार होणं) किंवा पाठ मिळाली की ४. पकड घेऊन नुसतं खाली बसण्याची शिक्षा काहीच नाही, म्हणून आपण वर्षानुवर्षं तिथे निवांत असतो. एमएमएत पंच बघतात की मार कोण देतंय आणि कोण खातंय. खाली पडून उत्तम गार्ड धरून राहिलात तरी फेरी वरून मारणाऱ्याची.

एकेरी पट (एक पाय धरून पाडणं), दुहेरी पट (दोन्ही पाय धरून) आणि दस्ती, वस्तादांनी मला एवढंच दिलं आणि तेच घोटून घेतलं. पावसाळाभर डवरणीची कामं आटोपून संध्याकाळीही मी मातीत असायचो. मला सगळ्यात उपयोगी पडली ती दस्ती. मनगट धरून, दंड ओढून समोरच्याच्या बाजूला निसटलं की पाठ समोर येते, आणि पाठीवर जिउ-जित्सूवाल्याचं राज्य सुरू होतं. पहिलवान पोरं चीत व्हायचं टाळायला पालथी होतात, ती त्यांच्या रक्तातली सवय. पालथा झालेला गडी मला आयता मिळायचा. मान कशी सांभाळायची हे मी त्यांना दाखवलं, पट काढताना डोकं बाहेर राहिलं तर गिलोटिन (समोरून मानेला घातलेला गळफास) कसा लागतो तेही दाखवलं. भारतातून यूएफसीत पोचलेला भरत खंडारे नोव्हेंबर २०१७ मध्ये शांघायला गिलोटिनमध्येच हरला, ती लढत आम्ही मोबाइलवर परत परत थांबवून पाहिली.

दुसरं काम मार खात असताना जमिनीवर खेळायचं. आमच्या सोयाबीनच्या गोदामात पिकाचा हंगाम नसताना जागा रिकामी असते. तिथे कुटाराची पोती पसरली, वर ताडपत्री ताणली आणि कडेच्या भिंतीला जुन्या गाद्या बांधल्या. हलके ग्लोव्ह घालून चुलतभावाला सांगितलं, मी खाली आहे, तू हळूहळू मारत राहा. गी (जाड कापडाचा पोशाख) घालून शिकलेली कॉलर आणि बाहीची पकड तिथे नसते, हे माहीत असतं. पण वरचा माणूस जरासा ताठ बसला की फटका लागण्याइतकं अंतर तयार होतं, ही जाणीव अंगात मुरायला वेळ लागतो. यात दोनच जागा सुरक्षित आहेत. एकतर त्याचं डोकं छातीशी ओढून, त्याच्या दंडावरून हात गुंडाळून इतकं चिकटायचं की ठोशाला जागाच उरू नये. नाहीतर पायांनी लोटून त्याच्या हाताच्या टप्प्याबाहेर राहायचं. मधल्या अंतरात थांबायचं नाही. डे ला रिवा, स्पायडर असे मला प्रिय असलेले गार्ड मी बाजूला ठेवले. अर्धा गार्ड (त्याचा एकच पाय अडकवलेला) आणि काखेतला हात तेवढा ठेवला, कारण तिथून बाजूवर उठून एकेरी पटावर जाता येतं.

उठणं मात्र रोज, न चुकता. उजवा हात मागे टेकवायचा, डावं पाऊल जमिनीवर रोवायचं, डावा हात चेहऱ्यापुढे. उजव्या पायानं समोरच्याची मांडी लोटायची आणि तोच पाय अंगाखालून मागे ओढून उभं राहायचं. वरचा गडी खूप चिकटलेला असेल तर सरकत भिंतीपाशी जायचं, पाठ भिंतीला लावून बसतं व्हायचं, एक हात त्याच्या काखेतून घालायचा, डोकं त्याच्या हनुवटीखाली रेटायचं आणि भिंतीच्या आधारानं वर यायचं. एमएमएच्या पिंजऱ्याची जाळी नाही म्हणून थांबायची गरज नाही, गोदामाची भिंत हे काम चोख करते.

बॉक्सिंगसाठी एसटीनं अमरावतीला जायचो, एका प्रशिक्षकांकडे. त्यांना मी आधीच सांगितलं की मला पट काढायचाय, त्यासाठी हात हवेत. त्यांनी जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) पक्का केला, क्रॉस (मागच्या हाताचा) दिला आणि डोकं सरळ रेषेत पुढे न्यायचं नाही ही शिस्त लावली. जॅब दाखवून समोरच्याचे हात वर गेले की खाली वाकून पायात शिरायचं. नुसता पट सगळ्यांना दिसतो, ठोशामागून आलेला पट उशिरा दिसतो. डोक्यावर जोरात मारून घेण्याचा सराव मी केला नाही आणि कुणी करू नये असं माझं ठाम मत आहे. अंगाला माराची सवय होते, मेंदूला होत नाही.

एक बारीक गोष्ट आधी कळली तर खूप फायदा आहे. गळफास लावताना ग्लोव्हची गादी हनुवटीखाली अडकते, आणि मागचा हात डोक्यामागे सरकवतानाही अडतो. म्हणून ग्लोव्ह घालूनच चोक घोटावा. घामाचंही तसंच. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, दोन मिनिटांत दोघंही निथळतात आणि आर्मबार (हात उलटा ताणायची पकड) कोपरावरून सटकतो. पाठीवरून लावलेला चोक घामातही टिकतो. मी माझा सगळा हिशेब त्याच्यावर बांधला.

वजनाचं बोलायलाच हवं. शरीरातलं पाणी आटवून वजन उतरवायची पद्धत या खेळात सर्रास आहे. डिसेंबर २०१५ मध्ये मनिलातल्या लढतीआधी चीनचा यांग जियानबिंग हा २१ वर्षांचा खेळाडू त्यातच गेला, आणि त्यानंतर ती लढत भरवणाऱ्या वन चॅम्पियनशिपनं ती पद्धतच बंद केली. ज्या भागात विहिरीचं पाणी खारं आणि ऊन जीव घेणारं, तिथे हा खेळ मांडूच नये. मी माझ्या नेहमीच्या वजनाला जवळचा गट निवडला. आईच्या हातची ज्वारीची भाकरी, मुगाची डाळ, अंडी, दही एवढ्यावर सावकाश उतरलो आणि वजनाच्या आदल्या रात्रीही पाणी प्यायलो.

अमॅच्युअर लढत नागपुरात झाली. रक्ताच्या तपासण्या, डॉक्टरांची सही, मग वजन. तीन-तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या, पायांना शिनगार्ड, कोपर मारायला बंदी. समोरचा किकबॉक्सर होता. पहिल्या फेरीत त्यानं माझी पुढची मांडी लाथांनी लाल केली, एक फटका नाकावर बसला, डोळ्यांत पाणी आलं. फेरी त्याची गेली. दुसऱ्या फेरीत त्यानंच मला पाडलं. जुनी सवय गार्ड बांधून थांब म्हणत होती, पण हात आपोआप मागे टेकला गेला, मी जाळीपर्यंत सरकलो आणि उठलो. उठता उठता त्याचं मनगट हाती लागलं, दस्ती ओढली आणि त्याच्या पाठीवर गेलो. चोक लागला नाही, त्यानं हनुवटी छातीत रुतवली होती, पण फेरी संपेपर्यंत मी तिथून हललो नाही. तिसऱ्यात जॅबमागून दुहेरी पट निघाला आणि शेवटपर्यंत मी वर होतो. पंचांचा कौल दोन विरुद्ध एक असा माझ्या बाजूनं आला. वस्ताद गावाहून आले होते, तपासायला आल्यासारखं माझी मांडी दाबून म्हणाले, "लाथ अडवाचं शिकलाच नाई तू."

खरं आहे त्यांचं. तुरी निघाल्यापासून नडगीनं लाथ अडवण्यावरच काम चालू आहे. व्यावसायिक लढतीत कोपरही चालतं, म्हणजे भिंतीपाशी उठताना चेहरा उघडा ठेवून भागणार नाही. त्यामुळे गोदामात आता चुलतभावाच्या कोपरांना पॅड बांधतो आणि उठण्याचा तोच सराव पहिल्यापासून पुन्हा करतो. आखाड्यातली दोन पोरंही येतात. त्यांना पाडायला शिकवावं लागत नाही. पाठ टेकली तरी कुस्ती संपलेली नाही, हे त्यांच्या गळी उतरवायला मात्र वेळ लागतोय.