बाबांचा पीएसए
आज बाबांना युरोलॉजिस्टकडे नेलं. वय ७२, रात्री चारदा लघवीला उठतात, पण "वयानुसार चालायचंच" म्हणत दोन वर्षं ढकलली. पीएसए (मूत्राशयाखालच्या प्रोस्टेट ग्रंथीसाठीची रक्ततपासणी) आला ६.८ आणि मी रात्रभर गूगल करून अर्धमेला. डॉक्टर म्हणाले, ४ च्या वर म्हणजे कॅन्सरच असं नाही, प्रोस्टेट नुसती वाढली किंवा इन्फेक्शन असलं तरी वाढतो, आधी लघवी तपासू, मग परत पीएसए, तरी जास्तच आला तर एमआरआय, बायोप्सीचं त्यानंतर. आणि कॅन्सर निघालाच पण सौम्य असला तर ऑपरेशन न करता नुसतं लक्ष ठेवतात, हे मला नवीनच! बाबांनी बाहेर येऊन एवढंच विचारलं, "सायकल चालवू ना?" टेस्टच्या आधी दोन दिवस नको म्हटलंय. तोंड एवढंसं झालं.