प्रुफावरची शंका

आमच्या रविवार पुरवणीत परीक्षणाला जागा किती मिळणार, हे मालिकेच्या लायकीवर ठरत नाही, बिल्डरच्या जाहिरातीवर ठरतं. सांगताना ६०० शब्द सांगतात. गुरुवारी पान लागायच्या वेळेला जाहिरात विभागाचा निरोप येतो आणि त्याचे ३८० होतात. वर पाचपैकी तारे द्यायचे. या ताऱ्यांचा मला मनापासून तिटकारा आहे. वाचक तेवढेच बघून पान उलटतो, आणि हे ठाऊक असल्यामुळेच संपादक ते काढत नाहीत.

२०२२च्या नोव्हेंबरात ‘सोर्ड आर्ट ऑनलाइन’ या जपानी ॲनिमेशन मालिकेवर लिहायचं मी मागे लागून मंजूर करून घेतलं होतं. मालिका काही नवी नव्हती. २५ भागांचं पहिलं पर्व जपानमध्ये जुलै ते डिसेंबर २०१२ या काळात दाखवलं गेलं. पण गोष्टीतला तो जीवघेणा गेम ज्या दिवशी सुरू होतो, ती तारीख आहे ६ नोव्हेंबर २०२२, वार रविवार. आमची पुरवणीही त्याच तारखेची. असा योग पुन्हा जुळून येणार नव्हता. वृत्तसंपादकांनी “कार्टूनला अर्धं पान?” असं विचारलंच. ॲनिमे म्हणजे लहान मुलांचं कार्टून, हा समज ज्या पिढीने डोक्यात घट्ट धरून ठेवलाय, तिच्याच हातात पानं आहेत. मी हल्ली वाद घालत नाही, नुसती तारीख पुढे करते.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दहा हजार लोक ‘नर्व्हगिअर’ नावाचं हेल्मेट घालून गेममध्ये शिरतात. मेंदूकडून शरीराला जाणारे संदेश हे हेल्मेट मधल्यामध्ये अडवतं, त्यामुळे आत माणूस तलवार चालवत असतो तेव्हा बाहेर त्याचं बोटसुद्धा हलत नाही. संध्याकाळी लक्षात येतं की बाहेर पडायचं बटणच नाही. मग गेमचा कर्ता कायाबा आकाशात लाल झग्यात प्रकट होतो आणि नियम सांगतो. शंभर मजले जिंकलात तरच सुटका. गेममध्ये मेलात तर हेल्मेटमधले मायक्रोवेव्ह मेंदू जाळणार. बाहेरून कुणी हेल्मेट ओढलं तरी तेच. वीज सलग दहा मिनिटं गेली तरी तेच, नेटवर्क दोन तास तुटलं तरी तेच. तो हे सांगत असतो तोवर २१३ जण मेलेलेही असतात, घरच्यांनी घाबरून हेल्मेट काढल्यामुळे.

दहा मिनिटांचा नियम वाचून डेस्कवर हशा पिकला. “आपल्याकडे पहिल्याच गुरुवारी सगळे खलास,” कुणीतरी म्हणालं. गुरुवारी दुरुस्तीच्या नावाखाली दिवसभर वीज जाते, हे पुणेकरांना समजावून सांगायला नको.

माझं परीक्षण तसं तयार होतं. पहिल्या भागाचं मी भरभरून कौतुक केलं होतं, आणि तिसऱ्याचं त्याहून जास्त. साची नावाची एक भित्री मुलगी असते. ती भाला चालवते, पण गटाला आघाडीवर ढालवाला हवा असतो म्हणून सगळे तिला पुढे ढकलत असतात. नायक किरितो त्या गटात सामील होतो, पण आपली खरी पातळी लपवून. सत्ताविसाव्या मजल्यावर एक पेटी उघडली जाते, दार बंद होतं, आणि निसटायचे स्फटिक त्या खोलीत चालतच नाहीत. पुढे नाताळच्या रात्री साचीने आधीच रेकॉर्ड करून ठेवलेला आवाज त्याला ऐकू येतो. हे सगळं एका भागात, वीस-बावीस मिनिटांत. गोष्ट फोडायची नाही आणि तिचा चटका मात्र वाचकाला द्यायचा, हे साठ शब्दांत जमवायला मला अख्खी सकाळ लागली होती. त्या परिच्छेदाला कुणी हात लावलेला मला चालणार नव्हतं.

दोन वर्षांनी, चौदाव्या भागात, हा गेम संपतो. पंधराव्या भागापासून पऱ्यांच्या दुसऱ्याच एका गेमची गोष्ट लागते आणि मालिका घसरते, हेही लिहिलं होतं. नायिका असुना इथवर तोडीस तोड लढणारी, आणि पुढच्या अकरा भागांत तिला या दुसऱ्या गेममध्ये पिंजऱ्यात घालून ठेवलंय. पूर्वार्धाला साडेतीन, उत्तरार्धाला दीड, सरासरी अडीच तारे. माझं हे मत बऱ्याच वर्षांचं आहे आणि बहुतेक चाहत्यांचंही थोड्याफार फरकाने तेच.

मग प्रूफ परत आलं.

आमच्याकडे मुद्रितशोधकांचा एके काळी अख्खा विभाग होता. आता एक काका उरलेत, तेही निवृत्तीनंतर कंत्राटावर. व्यवस्थापनाला वाटतं ते काम संगणक करतो. मराठीत संगणक काय दिवे लावतो, ते आमचा अंक रोज वाचणाऱ्यांनी पाहिलेलं आहे. काका कागदावरच वाचतात. चुका लाल पेनाने, शंका पेन्सिलीने. ‘असुना’ एकदा ऱ्हस्व आणि एकदा दीर्घ झाली होती, ते लाल. आणि समासात पेन्सिलीने एक ओळ: “हे लोक दोन वर्षं निजून. कूस कोण बदलत होतं?”

कागद उलटला तर मागे हिशेब. दहा हजारांतून २१३ वजा, ९,७८७. गुणिले बारा. १,१७,४४४.

“बारा कशाला?” मी विचारलं.

“दर दोन तासांनी. दिवसाला बारा वेळा. पहिल्या दिवसाचा आकडा आहे हा, पुढे माणसं कमी होत जाणार ना.”

काकूंना पक्षाघात झाला होता, हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं. घरी काय चाललेलं असायचं, ते मात्र त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं, तेही मशिनवरचा चहा घेता घेता, प्रुफातल्या चुका दाखवतात त्या आवाजात. ब्यूरोची बाई बारा तासांची, उरलेले बारा यांचे. कूस बदलायची तर माणसाला ओढायचं नाही, कातडी घासते. खाली आडवी चादर घालून ठेवायची आणि दोघांनी दोन बाजूंनी तीच उचलायची. चादरीला सुरकुती राहिली तरी दुसऱ्या दिवशी तिथे लाल दिसतं. माकडहाड, टाचा, कोपरं रोज बघायची. नाकातल्या नळीतून भरवायचं ते डोक्याकडची बाजू उंच करून, आणि नंतर अर्धा तास तसंच ठेवायचं. एअर बेडचा पंप विजेवर चालतो. वीज गेली की गादी हळूहळू बसते आणि अंग खालच्या लाकडाला टेकतं. “गुरुवारी मी रजाच टाकायचो,” ते म्हणाले. सकाळच्या विनोदाला ते का हसले नव्हते, ते मला तेव्हा कळलं.

मी माझी बाजू मांडली. ही कल्पित गोष्ट आहे, शिवाय हेल्मेटच्या आतली. काय सांगायचं आणि काय गाळायचं हा गोष्टीचा हक्क असतो, आणि आपण गाळलेल्याबद्दल जाब विचारायला लागलो तर कुठलीच कथा उभी राहणार नाही.

“बरोबर आहे. मग ते २१३ कशाला मोजले गं? बाहेरचं मोजायचं नव्हतं तर अजिबात नाही मोजायचं.”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पान लागायला तासभर होता. जागेवर येऊन मी मालिका पुन्हा डोळ्यांसमोरून नेली, या वेळी फक्त पलंग शोधत. चौदाव्या भागाच्या शेवटी किरितो रुग्णालयात जागा होतो, केस वाढलेले, हातापायांच्या काड्या झालेल्या, आणि सलाइनच्या स्टँडला धरून एकटाच धडपडत चालू लागतो. पंधराव्या भागात असुना अजून बेशुद्ध आहे, आणि सुगोउ नावाचा खलनायक तिच्या उशाशी येऊन तिचे केस हुंगतो, बेशुद्ध मुलीशी लग्न लावायच्या गोष्टी करतो. म्हणजे पलंगावरच्या शरीराची असहायता मालिकेला चांगली कळते. पण ती तिला आठवते खलनायक वाकतो तेव्हा. रोज तिथे वाकणारी माणसं हिशेबातच नाहीत.

आता हे बसवायचं कुठे? ३८० शब्द भरलेले. साचीच्या परिच्छेदाला हात लावायचा नव्हता. युकी काजिउराच्या संगीतावरचं वाक्य काढलं आणि तिथे काकांचा प्रश्न घातला. काजिउराच्या चाहत्यांनी माफ करावं. उपसंपादकाने विचारलं, “तारे बदलायचे?” म्हटलं, राहू देत.

रविवारी, नेमक्या त्याच तारखेला, डोक्यावर चढवायचे आभासी खेळांचे हेडसेट बनवणाऱ्या ऑक्युलस कंपनीचा संस्थापक पामर लकी याने जाहीर केलं की त्याने खरोखरच मारणारं हेल्मेट बनवलंय. पडद्यावर ठरावीक लाल रंग चमकला की स्फोटकं उडणार. ऑफिसात ठेवायची कलाकृती म्हणून, वापरायला नाही, असा त्याचा खुलासा. सोमवारी संपादकांचा पहिला प्रश्न, हे आपल्याकडे का नव्हतं? शनिवारी छापलेल्या अंकात रविवारची बातमी कशी येणार, हे त्यांना मी सांगायचं का? मला गंमत वेगळीच वाटली. या गोष्टीच्या प्रेमात पडलेल्या इतक्या पैसेवाल्या माणसालाही हेल्मेटच बनवावंसं वाटलं, पलंग नाही.

चाहत्यांनी मला झोडपलं ते अपेक्षित होतं. “परीक्षण आहे की नर्सिंगचं पुस्तक?” वगैरे. एकाने मात्र मुद्द्याचं लिहिलं. रेकी कावाहारांची मूळ कादंबरी २००९ साली आली, तिच्या पहिल्या खंडाच्या शेवटी किरितो जागा होतो तो जेलीसारख्या मऊ पदार्थाच्या पलंगावर, अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांची कातडी खराब होऊ नये म्हणून केलेल्या. मी तपासलं, तसंच आहे. काकांना सांगितलं.

“म्हणजे लेखकाला ठाऊक होतं. मग तर जास्तच.”

इथे मला त्यांचं पटत नाही. तो खंड किरितोच्या तोंडून सांगितलेला आहे. दोन वर्षं तो आत होता. आपली कूस कुणी बदलली हे त्याला कुठून कळणार? पलंग त्याच्या पाठीला लागला तेवढा त्याने सांगितला, आणि पहिल्या पुरुषात लिहिणाऱ्याने एवढंच सांगावं. मालिकेला ही सबब नाही. तिचा कॅमेरा बाहेर हवं तिथे जाऊ शकतो.

आणि ते सांगायला पात्रही तिच्या हातात होतं. सुगुहा, त्याची मावसबहीण, पण सख्खी बहीण म्हणून वाढलेली मुलगी. रुग्णालयातल्या त्या निजलेल्या भावाकडे जी जाऊन बसायची, ती हीच. ज्या उत्तरार्धाला मी दीड तारा देते, तो बराचसा हिच्याभोवती फिरतो. म्हणजे दार उघडलं होतं ते माझ्या नावडत्या अकरा भागांनी, लाडक्या चौदांनी नव्हे. पण सुगुहाला त्यांनी दिलं काय? पाठीला परीचे पंख आणि भावावरचं प्रेम. तिची रुग्णालयातली दोन वर्षं आठवणींच्या तुकड्यांत उरकली. काकांच्या प्रश्नाचं उत्तर देऊ शकेल अशी त्या गोष्टीत ती एकटी होती, आणि तिला दुसऱ्या गेममध्ये उडायला पाठवून दिलं.

त्या परीक्षणापासून संपादक प्रत्येक मालिकेत ‘काळजी घेणाऱ्यांचा अँगल’ मागायला लागलेत. काका प्रूफ वाचून लाल खुणा करून देतात, पेन्सिल क्वचित चालते. उत्तरार्धावर वेगळा लेख देते म्हणून मी दोनदा सांगून पाहिलं. जुन्या मालिकेच्या अर्ध्या भागाला जागा नाही म्हणाले.