चरबी कोणाची?

इंग्लंडमधील ज्या चित्रसंवर्धन कार्यशाळेत मी काम करतो, तेथे जातिवंत जनावरांची जुनी चित्रे जमवणारे एक वयस्क संग्राहक अधूनमधून येतात. त्या दिवशी त्यांनी आणलेले तैलचित्र १८१०च्या सुमाराचे, शॉर्टहॉर्न या इंग्लिश जातीच्या बैलाचे होते: पेटाऱ्यासारखे चौकोनी धड, त्याखाली काटक्यांसारखे पाय आणि न शोभणारे इवलेसे डोके. खिलारी बैल पाहत लहानाचा मोठा झाल्यामुळे वशिंड नसलेली ती सपाट पाठ मला अजूनही अपुरी वाटते, हा भाग वेगळा.

नंतरच्या कोणा हाताने रंग चढवून बैल फुगवला आहे, अशी त्यांची खात्री होती आणि तो थर काढून मूळ बैल मोकळा करावा, असा आग्रह होता. अवरक्त छायाचित्राने त्यांना दुजोराच दिला, कारण पाठीची पहिली रेघ रंगाखाली दोन बोटे खाली होती आणि बैलाचा मागचा पुठ्ठाही आटोपशीर होता. अतिनील प्रकाशात मात्र, जुन्या व्हार्निशवर मागाहून दिलेला रंग जसा काळा उमटतो, तसे काहीच उमटेना. शेवटी सूक्ष्मदर्शकाखाली, वाढवलेल्या पाठीवरची केसाएवढी एक भेग धरून मी सावकाश सरकत गेलो. ती वरच्या तांबूस रंगातून खालच्या थरात सलग उतरत होती. रंग नंतरचा असता, तर तो भेगेत झिरपून बसलेला दिसला असता.

म्हणजे चरबी चित्रकाराचीच होती. चित्र ही तेव्हा कळपाची जाहिरात असे आणि जितकी चरबी, तितका बैल मोलाचा. शॉर्टहॉर्नचे पैदासकार चार्ल्स कॉलिंग यांच्या कळपातला 'डरहॅम ऑक्स' हा बैल १८०१पासून खास गाडीतून गावोगाव दाखवला गेला आणि जॉन बोल्टबी यांनी काढलेल्या त्याच्या चित्राच्या छापील प्रती १८०२ साली एका वर्षात दोन हजारांवर खपल्या. न दिसणारी चरबी चितारायला लाकडावर चित्रे कोरणारे थॉमस ब्यूइक यांनी नकार दिला होता. आमच्या चित्रकाराने आधी दिसले तसे रेखाटले आणि मग, बहुधा मालक पाठीशी उभा असताना, हात सैल सोडला.

मी थर काढणार नाही, असे सांगितले. संग्राहक बराच वेळ भिंगातून पाहत राहिले आणि केवळ पिवळे पडलेले व्हार्निश उतरवायला सांगून निघून गेले. ते उतरल्यावर मागचे आभाळ उजळले, पाठीची कड ठसठशीत झाली आणि बैल पूर्वीपेक्षाही थोराड दिसू लागला.