तुम्ही विचारलंत म्हणून: घरी बांधलेल्या विमानाला मोटारीचे इंजिन का नाही?

नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतींतले माझे यंत्रकार मित्र शेडमध्ये उभा असलेला दोन आसनी विमानाचा सांगाडा पाहून हमखास एकच प्रश्न विचारतात. नाशकात मोटारी बनतात, हवा तो भाग लेथवर काढून देणारे हात इथे आहेत, मग शंभर अश्वशक्तीचे मोटारीचे इंजिन सोडून विमानाच्या इंजिनासाठी कित्येक पट पैसे का मोजायचे?

खरी अडचण पंख्यापाशी सुरू होते. 1.8 मीटर व्यासाचा प्रोपेलर मिनिटाला 2,700 फेरे फिरला, तर त्याचे टोक सेकंदाला सुमारे 250 मीटर वेगाने धावते. तोच मोटारीच्या इंजिनाला थेट जोडून 5,500 फेऱ्यांवर फिरवला, तर टोक ध्वनीच्या वेगाच्या कितीतरी पुढे जाते आणि ताकद ओढण्याऐवजी आवाजात वाया जाते. म्हणून मध्ये फेरे कमी करणारा गिअरबॉक्स हवा, आणि घरगुती प्रयोग बहुतेक वेळा तिथेच फसतात. सिलिंडरच्या प्रत्येक ठोक्याबरोबर क्रँकशाफ्टला, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या मुख्य दांड्याला, पीळ बसतो, पलीकडे जड पंखा त्याला विरोध करतो, आणि या पिळाची लय गिअरबॉक्सच्या स्वतःच्या लयीशी जुळली की दणकट दातेही तुटतात. मापात अचूक काढलेला भाग म्हणजे या कंपनांत टिकणारा भाग नव्हे, हे माझ्या मित्रांनाही पटते. शिवाय सपाट रस्त्यावर मोटार आपल्या ताकदीचा लहानसा हिस्सा वापरते. विमानाचे इंजिन मात्र तासन्‌तास पाऊण ताकदीवर चालते.

कॉन्टिनेन्टल ओ-200 या विमानाच्या इंजिनाने फेऱ्यांचा हा प्रश्न आकाराने सोडवला आहे: 3.3 लिटरचे हे इंजिन 2,750 फेऱ्यांनाच 100 अश्वशक्ती देते, त्यामुळे पंखा थेट जोडता येतो. विमानाचेच दुसरे इंजिन, रोटॅक्स 912 यूएलएस, जेमतेम 1.35 लिटरचे आहे. ते 5,800 फेरे घेते आणि कारखान्यातच बसवलेल्या, वर्षानुवर्षे पारखल्या गेलेल्या गिअरबॉक्समधून पंखा फिरवते. तेही 100 अश्वशक्तीचे, पण ती पूर्ण ताकद पाचच मिनिटे वापरायची. सलग वापरासाठी आकडा 95 आहे.

कागदावरचे हे आकडे समुद्रसपाटीचे आणि 15 अंश तापमानाचे असतात. नाशिकजवळच्या ओझरची धावपट्टी सुमारे 600 मीटर उंचीवर आहे. मे महिन्याच्या दुपारी पारा चाळिशीला टेकला की तिथली विरळ हवा सुमारे 1,600 मीटरवरच्या हवेसारखी वागते, आणि टर्बो नसलेल्या शंभर अश्वशक्तीच्या इंजिनातून पंच्याऐंशीच्या आसपासच निघतात. त्याच वेळी पंखा आणि पंख दोघांचीही पकड सैल होते. म्हणून मी 80 अश्वशक्तीचा पर्याय पहिल्याच दिवशी बाजूला ठेवला.

उरलेल्या दोघांत मी रोटॅक्स निवडले, कारण माझ्या विमानाच्या आराखड्यात नाकावरचे वजन त्याच्याच हिशेबाने धरलेले आहे. किमान पंधरा किलो जड असलेले ओ-200 तिथे बसवले असते, तर गुरुत्वमध्य पुढे सरकला असता आणि तो मागे आणण्यासाठी शेपटीत निरुपयोगी शिसे भरावे लागले असते. या निवडीची एक किंमत मात्र आहे. रोटॅक्सला दहा टक्क्यांपर्यंतचेच इथेनॉल चालते, आणि आपल्या पंपांवर आता वीस टक्क्यांचे पेट्रोल मिळते. त्यामुळे मी शिसेयुक्त ॲव्हगॅस, म्हणजे विमानांचे खास पेट्रोल, वापरणार आहे; त्यातले शिसे इंजिनच्या तेलात आणि गिअरबॉक्समध्ये साचत असल्याने तेल नेहमीपेक्षा निम्म्या तासांनी बदलायचे ठरवून तशी वही आजच आखून ठेवली आहे.