सांगली ते कास इलेक्ट्रिक गाडीने: बॅटरीचे इशारे कसे वाचावेत

सांगलीहून आष्टा, इस्लामपूर करत पेठ नाक्याला महामार्ग धरायचा आणि कराड, उंब्रजवरून सातारा गाठायचा. इलेक्ट्रिक गाडीला ही वाट अजिबात जड नाही. माझ्या गाडीची मोठी बॅटरी ३० युनिटांची आहे. पावसाळी हवेत वेग ऐंशीच्या आसपास ठेवला की युनिटामागे सातेक किलोमीटर मिळतात, त्यामुळे मध्ये न थांबता पोचलो. रात्री शाहूपुरीत ताईकडे मुक्काम होता. दाजींनी पंधरा ॲम्पिअरचा प्लग आणि चांगले अर्थिंग आधीच तपासून ठेवले होते. सकाळपर्यंत गाडी पूर्ण भरली.

आणि सकाळी बटण दाबले तर पडद्यावर इशाऱ्यांची रांग लागली. आधी बॅटरी कमी असल्याचा, मग इलेक्ट्रिक यंत्रणा तपासा असा, पाठोपाठ एबीएस आणि चढावर गाडी धरून ठेवणाऱ्या यंत्रणेचा. मोठी बॅटरी मात्र १०० टक्के दाखवत होती. वर्कशॉपला फोन केला तर उत्तर मिळाले, "क्रेनवर घालून आणा, मोठी बॅटरी उघडून बघावी लागेल." दाजींचा चेहरा उतरला. कासचे बुकिंग त्याच दिवसाचे होते.

एकमेकांशी संबंध नसलेले इशारे एकदम आले, तर सगळ्यात आधी १२ व्होल्टची छोटी बॅटरी बघावी. हे मी इतके ठासून सांगतो, कारण बहुतेकांना ती बॅटरी गाडीत आहे हेच माहीत नसते. दरवाजांची कुलुपे, पडदा, ब्रेकचा संगणक आणि मोठ्या बॅटरीला मोटरशी जोडणारे कॉन्टॅक्टर, सगळे तिच्यावर चालते. ती ढेपाळली की निरनिराळे संगणक अर्धवट जागे होतात, एकमेकांशी बोलू शकत नाहीत आणि प्रत्येकजण आपापली तक्रार नोंदवतो. पेट्रोलच्या गाडीत बॅटरी उतरत आली की स्टार्टर कण्हतो आणि आपल्याला आधीच कळते. इथे स्टार्टरच नाही, म्हणून शेवटपर्यंत काहीच जाणवत नाही.

दाजींकडे घरच्या वायरिंगसाठी मल्टिमीटर होता. गाडी बंद ठेवून मोजले: ११.६ व्होल्ट. निवांत उभ्या गाडीत साध्या लेड-ॲसिड बॅटरीचा आकडा १२.६ च्या आसपास हवा, १२.२ म्हणजे निम्मी आणि १२ च्या खाली जवळपास रिकामी. आता प्रश्न असा, की बॅटरी संपली आहे की तिला भरणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर बिघडला आहे? हा कन्व्हर्टर मोठ्या बॅटरीतून छोटीला वीज देतो. बटण दाबल्यावर पहिल्या खेपेला कॉन्टॅक्टरचा टक् आवाज आला नव्हता, पुढच्या खेपेला आला आणि गाडी 'रेडी' झाली. लगेच पुन्हा मोजले: १४.१. म्हणजे कन्व्हर्टर धडधाकट होता. चालू गाडीत हा आकडा साधारण १३.५ ते १४.५ मध्ये असावा. तो १२ च्या घरातच रेंगाळत असेल, तर नवी बॅटरी टाकून उपयोग नाही. शिवाय आमची गाडी रात्रभर चार्जिंगला होती, त्या वेळी छोटी बॅटरीही भरली जाते. तरीही काही तासांत ती इतकी खाली आली, म्हणजे तिच्यात धरून ठेवायची ताकदच उरली नव्हती. चार वर्षांच्या बॅटरीचे हे असे होतेच.

ओबीडीला, म्हणजे गाडीतले बिघाडाचे कोड वाचायच्या सॉकेटला, लावायचे ब्लूटूथ यंत्र मी सोबत ठेवतो. त्यात पी०५६२ हा कोड होता, म्हणजे यंत्रणेचा व्होल्टेज कमी. बाकीचे बरेचसे 'यू'ने सुरू होणारे, संपर्क तुटल्याचे. कोड पुसण्याआधी त्यांचा फोटो काढा; वर्कशॉपशी बोलताना तोच पुरावा असतो.

पोवई नाक्याजवळच्या बॅटरीवाल्याने लोड टेस्टर, म्हणजे बॅटरीवर भार टाकून तपासणारे यंत्र, लावला. चांगली बॅटरी त्या भाराखाली १५ सेकंद ९.६ व्होल्टच्या वर तग धरते, आमची बसली. त्याच मापाची, ध्रुव त्याच बाजूला असलेली नवी घेतली. गाडी पूर्ण बंद करायची, काच खाली ठेवायची (कुलपे अडकली तर आत हात घालता येतो), दहा नंबरच्या पान्याने आधी निगेटिव्ह सोडायचा आणि तोच शेवटी जोडायचा. उच्च दाबाच्या नारिंगी केबलला हात लावायचा नाही, कितीही खात्री असली तरी. कोड पुसले, ते परत आले नाहीत.

दुपारी यवतेश्वरचा घाट चढलो. सातारा ते कास सुमारे २५ किलोमीटर आणि चढ साधारण ५०० मीटरचा. माणसांसकट १७०० किलोची गाडी तेवढी उचलायला निव्वळ सव्वादोन युनिटे लागतात, त्यात नुकसान धरा. चढावर टक्के भराभर उतरले म्हणून बॅटरीवर संशय घेऊ नका, उतरताना त्यातले बरेच परत येतात. वर चार्जर मिळेल या भरवशावर मात्र जाऊ नका. फुलांबद्दल इतकेच सांगतो, की पठार धुक्यात होते आणि धुके फाटले तेव्हा सगळे बोलायचे थांबले.

महाबळेश्वरला मुक्काम करून केळघर किंवा पसरणी घाट उतरणाऱ्यांना एक वेगळा इशारा दिसेल: रिजनरेशन मर्यादित. रिजनरेशन म्हणजे उतारावर किंवा वेग कमी करताना मोटरने वीज बनवून बॅटरीत परत भरणे. बॅटरी काठोकाठ भरलेली असली की तिला आणखी वीज घ्यायला जागाच नसते. हा बिघाड नाही, पण गाडी नेहमीसारखी आवरत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो. वर ८५ टक्क्यांपर्यंतच भरा.

एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरीत टक्के अचानक १८ वरून ११ वर घसरले, तर तेही बहुधा मोजमापाचे चुकणे असते. या सेलचा व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळपास सपाट राहतो, त्यामुळे गाडीचा अंदाज हळूहळू भरकटतो. मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या अंतराने संथ चार्जरवर पूर्ण १०० टक्के भरा आणि चार्जिंग आपोआप थांबेपर्यंत प्लग काढू नका. त्यानंतरही घसरण होत राहिली, तर सेलमधला फरक तपासून घ्या.

याउलट इन्सुलेशन किंवा आयसोलेशनचा लाल इशारा, कोड पी०एए६, आला तर तिथेच थांबायचे. उच्च दाबाची वीज गाडीच्या सांगाड्याकडे गळत असल्याची ती खूण आहे, आणि साताऱ्याच्या पावसात साचलेल्या पाण्यातून गाडी काढल्यावर ती हलक्यात घेऊ नये. बॅटरी तापल्याचा इशारा, जळकट वास किंवा धूर असेल तर सगळ्यांनी उतरून लांब जायचे. इथे मल्टिमीटर बाहेर काढायचा नाही. क्रेन मागवताना फ्लॅटबेडच मागा, कारण मोटरला जोडलेली चाके जमिनीवर ठेवून ओढली तर मोटर फिरून वीज तयार करते आणि नसलेला बिघाड होऊन बसतो.