किटलीतलं पाणी

पशुपतिनाथाची यात्रा करून आलेल्या मंडळींच्या सामानात रुद्राक्ष असतो, पश्मिना म्हणून गळ्यात मारलेली शाल असते आणि बरेचदा एक कुकरी असते. शाल कपाटात जाते, कुकरी भिंतीवर दोन खिळ्यांवर आडवी विसावते. त्यापलीकडे आपली तिची ओळख म्हणजे रात्री शिट्टी फुंकत, काठी आपटत फिरणारा गुरखा आणि त्याच्या कमरेचं ते वाकडं म्यान. त्यामुळे कुकरी म्हटलं की एकच आकार डोळ्यांसमोर येतो आणि सगळ्या कुकऱ्या सारख्याच वाटतात.

नेपाळात तिला खुकुरी म्हणतात, ती घडवणाऱ्या लोहाराला कामी आणि त्याच्या भट्टीच्या जागेला आरन. एकाच आरनात, एकाच मापाच्या, एकाच दिवशी घडलेल्या दोन खुकुऱ्या शेजारी ठेवल्या तरी सख्ख्या बहिणी दिसत नाहीत. फार तर चुलत. घडवणारे हात दोन असले तर विचारायलाच नको. भाकरीचं पीठ तेच, तवा तोच, तरी थापणारी बदलली की भाकरी बदलते, तसंच हे.

प्रकारांची नावं मोप आहेत. सिरु नावाच्या गवताच्या पात्यासारखी सडपातळ ती सिरुपाते. पूर्वेकडच्या भोजपूर जिल्ह्याचं नाव मिरवणारी, पोटाशी, म्हणजे बाकापुढच्या फुगीर भागाशी, रुंद ती भोजपुरे. पाठीलगत खोल पन्हळ काढून वजन उतरवलेली ती आंगखोला. मुठीतून शेपटासारखी बारीक सळी न जाता सपाट पट्टी जाते आणि दोन्हीकडून फळ्या रिबिटांनी ठोकतात ती पानावाल. पण ही नावं पुरणपोळी आणि गुळपोळी यांच्यातला फरक सांगतात, पोळी कुणी लाटली ते सांगत नाहीत. ‘सिरुपाते, दहा इंची पातं’ असं चार जणांना सांगितलं तर दहा इंच चौघंही देतील. वजनात शे-दोनशे ग्रॅमचा फरक सहज पडेल. कारण कागदावर नकाशा नसतो. मुठीपासून टोकापर्यंतची लांबी तेवढी ठरलेली, बाकी सगळं डोळ्यानं.

माल बहुधा सगळ्यांकडे सारखाच असतो: ट्रकच्या कमानीचा पाटा. आपल्याकडचे लोहारही कोयत्याला हाच पाटा पसंत करतात, ‘पाट्याचा आहे’ म्हटलं की गिऱ्हाईक निम्मं पटलेलं असतं. या पोलादात कार्बन साधारण 0.6 टक्के असतो. धार टिकावी इतका कडकपणा त्यात येतो आणि दणके सोसायची सवय तर त्याला खड्ड्यांतून झालेलीच असते. पाटा तापवून छिन्नीनं तुकडा तोडायचा, त्याचा बाक काढून सरळ करायचा, मुठीत जाणारी शेपटी ओढून घ्यायची आणि मग पात्याला हात घालायचा.

खरी गंमत बाकाला लागल्यावर. खुकुरी धारेच्या बाजूला पुढे झुकलेली असते. पण धार पातळ करायला तिथं हातोडा बसू लागला की ती बाजू लांबते, आणि लांबलेली कड पात्याला पाठीकडे ढकलते. म्हणजे घातलेला बाक धार काढताना उलगडत जातो. नवशिक्याचं पातं इथंच फसतं. हवी होती खुकुरी, हाती लागते तलवारीची नात. म्हणून कामी आधीच हवा त्यापेक्षा जास्त बाक घालून ठेवतो आणि धार ठोकताना तो किती उघडेल याचा हिशेब मनात धरतो. हा हिशेब ज्याचा त्याचा. कुणाचा घाव जड असतो, त्याची कड जास्त लांबते, म्हणून तो सुरुवातीला पातं जवळजवळ विळ्यासारखं वळवतो. कुणी हलक्या हातानं, तीनच्या जागी पाच वेळा तापवून ठोकतो. त्याला एवढं वळवावं लागत नाही, पण दर तापवणीला लोखंडाच्या खपल्या उडून पातं थोडं झिजतं. दोघांचा बाक शेवटी सारखा दिसला तरी तो मुठीपासून नेमका कुठं सुरू होतो हे सारखं येत नाही. बोटभर पुढे सुरू झाला की घाव पडण्याची जागा बोटभर पुढे जाते.

दुसरा फरक पुढून दिसतच नाही. खुकुरी डोळ्यासमोर आडवी न धरता मुठीकडून टोकाकडे, पाठीवरून नजर टाकून पाहावी. मुठीजवळ पाठ आठ-दहा मिलिमीटर जाड असते आणि टोकाकडे निमुळती होत जाते. ती निमुळती व्हायला कुठून लागते हा खरा प्रश्न. एक जण बाकापर्यंत जाडी राखतो आणि तिथून एकदम उतरवतो. अशी खुकुरी हातात जड लागते, पण सरपणाच्या ओंडक्यावर पडली की काम करून उठते. दुसरा मुठीपासूनच उतार देतो. ती हलकी, मनगटात खेळणारी, चारा आणि झुडपं तोडायला छान, पण ओंडक्यावर नुसती टोचे मारत बसते. दुकानात हातात घेतल्यावर बहुतेकांना दुसरी आवडते. घरी सरपण फोडायचं असेल तर पहिलीच घ्यावी.

मुठीपुढे धारेच्या मुळाशी एक खाच असते. तिला काउडी म्हणतात, चो असंही म्हणतात, आणि तिच्याविषयी जितकी तोंडं तितक्या कथा. कुणी ती गाईचं खूर सांगतं, कुणी शिवाचा त्रिशूळ, कुणी म्हणतं रक्त किंवा झाडाचा चीक मुठीकडे ओघळू नये म्हणून. ओघळ अडवायचं काम एवढीशी खाच कितपत करते ते उसाचा रस लागलेला कोयता धुणाऱ्याला विचारावं. पण घडवणारा ओळखायचा तर खाच फार उपयोगी. पोलाद मऊ असताना ती कानशीनं कापतात आणि प्रत्येकाची कापण्याची ढब ठरलेली असते: कुणाची उथळ आणि गोल, कुणाची खोल, मधला दात टोकदार. बघायला टोकदार देखणी. मात्र खाचेच्या तळाशी कोपरा तीक्ष्ण राहिला आणि तिथपर्यंत कडकपणा पोचला, तर जोराच्या घावाला तडा तिथूनच सुरू होतो. म्हणून जाणता कामी खाचेचा तळ गोलसर ठेवतो आणि पाणी देताना, म्हणजे तापलेली धार पाण्यानं कडक करताना, तिच्यापासून लांब राहतो.

आता पाण्याकडेच यायचं. आपण माणसाचं पाणी जोखतो, कुणाच्या चेहऱ्यावरचं पाणी उतरतं. हे सगळं बोलणं लोहाराच्या भट्टीवरून आलेलं वाटावं इतकं तिथं चपखल बसतं. इतर हत्यारं तापवून डोणीत बुडवतात. खुकुरीला आरनात पाणी देतात ते किटलीनं. चहाच्याच, लांब नळीच्या किटलीनं.

पातं लाल होईपर्यंत तापवतात. लोहचुंबक पोलादाला सोडून देतो ते तापमान साधारण 770 अंश; त्याच्याही थोडं वर, 850च्या आसपास, धारेचा रंग यावा लागतो. मोजायला फक्त डोळा. म्हणून आरन अंधारं असतं. उजेडात तोच लाल फिका दिसतो आणि माणूस पातं गरजेपेक्षा जास्त भाजतो. जास्त भाजलेल्या पोलादाचा कण जाड होतो आणि धार पुढे कणाकणानं झडते. रंग आला की सांडशीनं धरलेलं पातं धार वर करून स्थिर ठेवायचं आणि किटलीची बारीक धार पोलादाच्या धारेवर सोडायची. पोटापासून सुरुवात, तिथून पुढे टोकाकडे, मागे परत, पुन्हा पोटावर. चर्र आवाज, वाफ, आणि लाल रंगात उमटत जाणारी काळी पट्टी. पाठ अजून तापलेलीच असते. पाणी थांबलं की पाठीतली ऊब हळूहळू धारेत सरकते, काचेसारख्या ठिसूळ झालेल्या कडेला जरा नरमावते. घासून उजळलेल्या जागी रंग चढताना दिसतो: आधी गवती पिवळा, म्हणजे 220-230 अंश, मग तपकिरी, जांभळा, 300च्या सुमारास निळा. पिवळ्यावर अडवायचं, पुन्हा दोन घोट पाणी देऊन. निळ्यापर्यंत गेलं की पाणी उतरलं.

हा सगळा खेळ मोजक्या सेकंदांचा. चार कामींच्या चार खुकुऱ्या इथंच कायमच्या वेगळ्या होतात. कुणी किटली वीतभर उंच धरतो, कुणी नळी जवळजवळ टेकवतो. कुणी फक्त पोटाची चार-पाच इंच धार कडक करतो, कारण घाव तिथंच पडतो. कुणी टोकापर्यंत जातो आणि टोक ठिसूळ होण्याचा धोका पत्करतो. पाणी जास्त झालं तर पाठही थंडावते, धारेला परत द्यायला ऊब उरत नाही, आणि पहिल्याच गाठीवर नखाएवढा टवका उडतो. कमी झालं तर धार लाकडावर दुमडते. ओघ मध्ये तुटला तर तेवढ्यापुरती मऊ जागा राहते. ती दिसत नाही, वर्षभर वापरल्यावर तिथं धारेत खळगा पडतो तेव्हा कळते. आणि कानशीनं धार आधीच कागदासारखी पातळ करून ठेवली असेल तर पाणी पडताच ‘टिक’ असा बारीक आवाज येतो. तो आवाज आला की पातं भंगारात. म्हणून नाण्याच्या कडेइतकी जाडी ठेवूनच पाणी देतात, उरलेलं नंतर घासतात.

जमलेल्या खुकुरीत रॉकवेल या कडकपणाच्या मापावर पोटाची धार साधारण 55च्या पुढे आणि पाठ त्याहून खूप मऊ निघते. एकाच पात्यात कानसही आहे आणि कमानही.

हे पाणी देणाऱ्या हातांबद्दल एक गोष्ट न सांगता पुढे जाणं बरं नव्हे. 1854च्या मुलुकी ऐनानं, म्हणजे नेपाळचा पंतप्रधान जंगबहादूर राणाच्या कायद्यानं, कामी आणि म्यानाचं चामडं करणारे सार्की यांना ‘पानी नचल्ने’ ठरवलं होतं. ज्यांच्या हातचं पाणी चालत नाही ते. त्यांनी पाणी दिलेली खुकुरी मात्र दसैंला, म्हणजे नेपाळच्या दसऱ्याला, पूजेत चालायची. 1963च्या नव्या ऐनानं ही उतरंड कायद्यातून काढली, अस्पृश्यता पाळणं हा गुन्हा ठरवणारा स्वतंत्र कायदा 2011चा. आज बरेच कामी विश्वकर्मा आडनाव लावतात.

मुठीकडे जरा भरभर जाऊ. लाकूड बहुधा शिसवीच्या जातीचं, नाहीतर म्हशीचं शिंग. भोकात वितळलेली लाख ओतून गरम शेपटी आत बसवतात. शिंग सुकून आकसतं, त्यामुळे पितळी कडं आणि मूठ यांच्यात वर्षाभरात केसाएवढी फट पडली तर घाबरायचं कारण नाही. मूठ हलू लागली तर मात्र वापर थांबवावा. मुठीच्या मधोमध एक उंचवटा असतो, तो बोटांमध्ये बसतो. आखूड हाताच्या कामीची मूठ आखूड निघते, आणि रुंद पंज्याच्या माणसाला तोच उंचवटा बोचतो. दोष कुणाचाच नाही, पण फोड तुमच्याच हाताला येतो.

एखादी खुकुरी नेमकी किती प्यायली आहे ते घरबसल्या पाहता येतं. जुनी बारीक कानस पोटाच्या धारेवर हलकेच ओढा. ती घसरली पाहिजे. पाठीवर ओढा, ती चावली पाहिजे. मग पात्यावरचं तेल साबणानं नीट काढून पोटाच्या भागावर लिंबाची फोड चोळा आणि थोडा वेळ तसंच राहू द्या. कडक झालेला पट्टा आणि मऊ पोलाद वेगवेगळ्या करड्या रंगाचे दिसू लागतात, आणि त्यांच्यामधली नागमोडी कड म्हणजे किटली जिथून जशी फिरली त्याचा माग. ती कड दोन पात्यांवर एकसारखी येत नाही. झालं की सोड्याच्या पाण्यानं धुवून, कोरडं करून तेलाचा हात फिरवावा, नाहीतर तासाभरात गंज. धार लावायला मशीनच्या चाकावर नेऊ नये. ठिणग्यांबरोबर कड निळी पडते आणि कामीनं सेकंद मोजून अडवलेला रंग कोपऱ्यावरचा धार लावणारा एका मिनिटात ओलांडतो. म्यानाच्या पाठीला दोन छोट्या सुऱ्या असतात. त्यातली धारदार ती कर्दा, बोथट ती चकमक. धारेच्या बारीकसारीक दुमडण्या चकमकीनं घासून सरळ करता येतात. दगडाची वेळ क्वचित येते.

रक्त दाखवल्याशिवाय खुकुरी म्यानात घालत नाहीत ही मात्र फोटोंखाली लिहायची गोष्ट. खेड्यातली खुकुरी दिवसभर सरपण, चारा, भोपळा आणि बोकडाचं मटण यांत गुंतलेली असते.

म्यान दोन लाकडी फळ्यांचं असतं, वरून चामडं. फळ्यांचा सांधा नेमका धारेखाली येतो. म्हणून उपसताना म्यान चार बोटांनी वेढून धरायचं नसतं. सांधा सैल असेल तर धार तिथून बाहेर येते आणि बोटांवरून जाते. पाठीच्या बाजूनं धरावं आणि पातं पाठीवर टेकवत काढावं. कायम चामड्यातच ठेवली तर पावसाळ्यात पात्याला डाग पडतात, त्यामुळे तेल लावून कपड्यात गुंडाळणं बरं. आणि फळ्या त्या-त्या पात्यावर बेतूनच कोरलेल्या असतात. यात्रेहून दोघा भावांसाठी एकाच दुकानातून, एकाच मापाच्या दोन आणल्या असतील तरी म्यानांची अदलाबदल होत नाही: एक अर्ध्यात अडकते, दुसरी आत खुळखुळते. आणल्या दिवशीच म्यानाच्या तोंडाशी आणि मुठीखाली एकसारखी खूण करून ठेवावी.